मरण निवाडा देत नाही

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथील स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्याकडे कोणी गेल्याची बातमी आली की पहिला प्रश्न असतो : कसे गेले? झोपेत गेले म्हटले की आपण म्हणतो, पुण्यवान माणूस. अंथरुणात झिजून गेले म्हटले की म्हणतो, कुठले भोग होते कोण जाणे. शेवटच्या तासावरून आपण सगळ्या आयुष्याची पारख करतो. ज्याला चांगले मरण आले तो चांगला, ज्याला वाईट मरण आले त्याचे काहीतरी चुकले असणार, अशी ही समजूत आहे.

ही समजूत खोटी आहे, आणि ती समाजाला आळशी बनवते, असे मला आज तुमच्यासमोर मांडायचे आहे. मरण कोणाच्याही आयुष्याचा निवाडा देत नाही. तो मागे राहिलेल्यांना द्यावा लागतो, आणि त्यासाठी माहिती गोळा करावी लागते, लिहून ठेवावी लागते. दाखल्यासाठी मी लांब जाणार नाही. विसाव्या शतकात ज्यांची आयुष्ये आपल्याच मुलखाच्या इतिहासात गुंतली, अशा काही माणसांच्या जगण्याची आणि मरणाची हकीकत सांगणार आहे.

सरहद्दीवरचे गाव

आपल्या गेवराई तालुक्याला लागून शेवगाव तालुका आहे. आज ही फक्त दोन जिल्ह्यांची हद्द आहे. तरुण मुले मोटारसायकलवरून दिवसातून दोनदा ती ओलांडतात. १९४७ पर्यंत मात्र तिकडे इंग्रजांचा मुलूख होता आणि इकडे निजामाचा. तिकडे कलदार रुपया चाले, इकडे हाली. माल घेऊन जायचे तर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे. कचेरीचे कागद उर्दूत, कोर्टाचे कागद उर्दूत. घरात मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १५ ऑगस्ट १९४७ ला शेवगावात तिरंगा फडकला, आणि हद्दीच्या अलीकडे तोच झेंडा हातात धरणे गुन्हा ठरला. आपल्याला स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ ला मिळाले. मधल्या तेरा महिन्यांत जे घडले, त्यात मी सांगणार आहे त्या माणसांची नशिबे एकमेकांत अडकली.

एका मृत्यूने घडवलेले आयुष्य

गोष्टीची सुरुवात आपल्या मुलखाच्या बाहेर, एका मृत्यूपासून होते. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक गेले. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचाही झालेला नव्हता. त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. टिळक गेल्याची बातमी ऐकून या मुलाने ठरवले की लग्न करायचे नाही, आयुष्य देशाला द्यायचे. असे निश्चय त्या दिवशी महाराष्ट्रात कितीतरी मुलांनी केले असतील. या मुलाने तो मरेपर्यंत पाळला.

अमळनेर आणि पुणे येथे शिक्षण, मग कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम, आणि १९२९ मध्ये हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापकपद असा त्यांचा प्रवास झाला. पुढे संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हिमालयात जाणारे संन्यासी पुष्कळ झाले. स्वामीजी शाळेत राहिले. १९३५ मध्ये ते सहकाऱ्यांसह आपल्या बीड जिल्ह्यात आले. अंबाजोगाईचे नाव तेव्हा मोमिनाबाद होते. तिथल्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी आणि बाबासाहेब परांजपे यांच्यासारख्या साथीदारांनी मुलांना शिकवले, आणि शिकवता शिकवता कार्यकर्ते तयार केले. हेच परांजपे पुढे १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत बीडमधून लोकसभेवर गेले.

१९३८ मध्ये स्वामीजींनी शाळा सोडली. हैदराबाद स्टेट काँग्रेस नावाची संघटना स्थापन व्हायची होती, तेवढ्यात तिच्यावर बंदी आली. जन्माआधीच बंदी आलेली अशी दुसरी संघटना शोधावी लागेल. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला, स्वामीजी तुरुंगात गेले. ही बंदी उठायला १९४६ साल उजाडले. १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि पुन्हा तुरुंग पाहिला. निजाम आणि भारत सरकार यांच्यात जैसे थे करार झाल्यावर सुटले, जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा आत गेले, आणि सुटले ते थेट १७ सप्टेंबरला.

मंडळी, टिळकांच्या मृत्यूने हे आयुष्य घडवले असे आपण म्हणतो. पण त्या मृत्यूची बातमी लाखोंनी ऐकली होती. ऐकणाऱ्या एका मुलाने तिचे काय केले, यावर सारे ठरले. पुढचे प्रत्येक मरण मी याच कसोटीवर पाहणार आहे.

अकाली गेलेला वक्ता

दुसरे मरण २५ जून १९४४ चे. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे अध्यक्ष नवाब बहादूर यार जंग हैदराबादेत एका मेजवानीत हुक्का ओढताना कोसळले आणि गेले. वय एकोणचाळीस. उर्दूतील त्यांच्या काळचे ते अव्वल वक्ते होते. विषप्रयोग झाल्याची कुजबुज तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे; सिद्ध काहीच झालेले नाही. हैदराबादेतील मुसलमानांची सत्ता टिकली पाहिजे हाच त्यांचा आग्रह होता, त्यामुळे ते असते तर सारे गोडीगुलाबीने मिटले असते असे मी म्हणणार नाही. पण त्यांनी आपली जहागीर आणि किताब सोडले होते आणि अनुयायांवर त्यांचा धाक होता.

ती जागा दोन वर्षांनी एका वकिलाकडे गेली. हा वकील आपल्याच मराठवाड्यात, लातूरला वकिली करीत होता. नाव सय्यद कासिम रझवी. त्यांच्या काळात रझाकार ही सशस्त्र दले गावोगाव फिरू लागली. रझाकार हा शब्द अजून आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात कसा येतो, ते मी तुम्हाला सांगायला नको. एक माणूस मेजवानीत कोसळतो आणि त्याचे परिणाम चार वर्षांनी शेकडो कोसांवरच्या खेड्यांना भोगावे लागतात. त्या मरणाने काही ठरवले नाही. त्याने जागा रिकामी केली, आणि रिकाम्या जागेत कोणाला बसू द्यायचे हे जिवंत माणसांनी ठरवले.

दोन हौतात्म्ये

२९ ऑक्टोबर १९४६. नांदेड जिल्ह्यात, बिलोलीजवळ अर्जापूर येथे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. मराठवाड्यातील मुक्तिसंग्रामाचे पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या मागे राहिलेल्यांनी काम थांबवले नाही. १९४७-४८ मध्ये सरहद्दीच्या पलीकडे छावण्या पडल्या. तिथून येऊन तरुणांनी करोडगिरीचे नाके जाळले, शिंदीची झाडे तोडली. याच कार्यकर्त्यांनी उमरीची बँक लुटली ती ३० जानेवारी १९४८ ला. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. एका लढ्याच्या धामधुमीत असलेल्या कार्यकर्त्यांना आनंद करायचा की छाती पिटायची, हे कळेना अशी ती रात्र असणार.

पण ज्या मृत्यूपाशी मला आज जास्त थांबायचे आहे, तो शोएबुल्ला खान यांचा.

जन्म १७ ऑक्टोबर १९२०. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. घरच्यांना वाटे, मुलाने सरकारी नोकरी धरावी. निजामाच्या राज्यात शिकलेल्या मुसलमान तरुणाला ती मिळणे अवघड नव्हते. त्यांनी पत्रकारिता धरली. आधी एका साप्ताहिकात लिहिले, ते सरकारने बंद पाडले. मग 'रय्यत' या दैनिकात गेले, त्याचाही गळा सरकारने आवळला. तेव्हा त्यांनी स्वतःचे दैनिक काढले, 'इमरोज'. पहिला अंक नोव्हेंबर १९४७ चा. उर्दूतून, राजधानीत बसून, ते लिहीत राहिले की हैदराबादने भारतात सामील व्हावे आणि लोकांना जबाबदार राज्यपद्धती मिळावी. रझाकारांवर त्यांनी उघड टीका केली. धमक्या आल्या, तरी लेखणी खाली ठेवली नाही.

ऑगस्ट १९४८ मध्ये काही मुस्लिम पुढाऱ्यांनी सामिलीकरणाच्या बाजूने पत्रक काढले, ते 'इमरोज'ने छापले. २१ ऑगस्टच्या रात्री कामावरून घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. गोळ्या झाडल्या, तलवारीने हात तोडले. बरोबरचे मेहुणे इस्माईल खान यांनाही जबर जखमी केले. २२ ऑगस्टच्या पहाटे शोएबुल्ला गेले. अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हायला दोन महिने बाकी होते, आणि ज्यासाठी ते लिहीत होते ते सामिलीकरण चार आठवड्यांवर आले होते.

आता आपली जुनी समजूत या मरणाला लावून पाहा. वाईट मरण म्हणजे वाईट कर्म, हे या तरुणापुढे म्हणायची हिंमत कोणात आहे? आणि त्यांच्या नावाने आपल्या मराठवाड्यात किती शाळा, किती चौक, किती वाचनालये आहेत? हुतात्म्यांची नावे घेताना आपण या नावापाशी अडखळतो, कारण अनेकांना ते ठाऊकच नसते. हैदराबादचा लढा हिंदू विरुद्ध मुसलमान असा सांगणाऱ्या प्रत्येक माणसाला या एका आयुष्याचे उत्तर द्यावे लागेल.

ज्यांना अंथरुणात मरण आले

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या; यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात. पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. कासिम रझवी यांना अटक झाली. बीबीनगरच्या दरोड्याच्या खटल्यात त्यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या शिक्षेविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५३ मध्ये पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी शिक्षा कायम केली आणि दोघांनी वेगळे मत दिले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ज्यांच्या नावाने मुलूख थरथरत होता, त्यांनाही वकील मिळाला, पुरावा तपासला गेला, आणि त्यांच्या बाजूने मत देणारे न्यायमूर्तीही निघाले. शोएबुल्लांना हे काहीच मिळाले नव्हते. १९५७ मध्ये येरवड्यातून सुटल्यावर रझवी पाकिस्तानात गेले आणि जानेवारी १९७० मध्ये कराचीत वारले. सदुसष्टाव्या वर्षी, विस्मृतीत, पण स्वाभाविक मरणाने.

आणि खुद्द निजाम, मीर उस्मान अली खान? १९३७ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. शरणागतीनंतर ते तुरुंगात गेले नाहीत. १९५० ते १९५६ हैदराबाद राज्याचे राजप्रमुख राहिले. २४ फेब्रुवारी १९६७ ला किंग कोठीत, ऐंशी वर्षांचे होऊन गेले. अंत्ययात्रेला लाखोंची गर्दी लोटली. त्यांच्या इच्छेप्रमाणे राजवाड्यासमोरच्या जुदी मशिदीत, आईच्या शेजारी दफन झाले.

गर्दी खोटी नव्हती. उस्मानिया विद्यापीठ, उस्मानिया रुग्णालय, शहराला पाणी देणारा उस्मानसागर तलाव हे त्यांच्याच राजवटीत झाले, आणि हैदराबादकर ते विसरले नाहीत. ते त्यांनी विसरूही नये. पण त्याच राजवटीत मराठी मुलाला स्वतःच्या भाषेत शिकण्यासाठी धडपडावे लागले, सभा घ्यायला परवानगी लागली, पेपर बंद पडले, आणि रझाकारांना आवर घालायच्या वेळी राजा स्वस्थ बसला. लाखोंची अंत्ययात्रा यातले काही पुसू शकत नाही. दोन्ही बाजू शेजारी शेजारी लिहून ठेवल्या तरच तो निवाडा म्हणायचा.

इथे एक योगायोग सांगतो. त्याच फेब्रुवारी १९६७ मध्ये देशात निवडणुका झाल्या आणि बीडने लोकसभेवर कोणाला पाठवले? साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील यांना. ज्यांनी इंग्रजांच्या मुलखात लोकांचे राज्य चालवले, गांधी पद्धतीने स्वस्तात लग्ने लावली, पोलिसांना वर्षानुवर्षे हुलकावणी दिली, त्या येडेमच्छिंद्रच्या शेतकऱ्याच्या मुलाला. ज्या महिन्यात आपला जुना राजा गेला, त्याच महिन्यात त्याच्या जुन्या रयतेने असा खासदार निवडला. नाना पाटील ६ डिसेंबर १९७६ ला गेले. बीडचे हे मत मात्र आपल्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे.

ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत

बंधू-भगिनींनो, आता जे सांगतो ते ऐकायला जड आहे, पण मुक्तिसंग्रामाबद्दल आदर असलेल्या माणसानेच ते सांगितले पाहिजे. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत आपल्या खेड्यापाड्यांत सूड उगवला गेला. रझाकारांशी काही संबंध नसलेले मुसलमान शेतकरी, विणकर, मजूर मारले गेले. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाहणीसाठी पाठवले. त्यांच्या अहवालाने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे सांगितले आणि मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

रझाकारांनी मारलेल्यांची पुरती यादी नाही, आणि सप्टेंबरनंतर मारल्या गेलेल्यांचीही नाही. कराचीत अंथरुणात गेलेल्या माणसाच्या मृत्यूची तारीख आपल्याला ठाऊक आहे. आपल्याच विहिरीत, आपल्याच शिवारात मेलेल्यांची नाही. यापेक्षा मोठा अन्याय मला दिसत नाही. आणि तो काही मरणाने केलेला नाही. आपण लिहिले नाही म्हणून झाला.

जिंकल्यावर काय केले

स्वामीजींकडे परत येतो, कारण माणसाची खरी परीक्षा जिंकल्यावर होते. हैदराबाद राज्य तसेच ठेवले असते तर स्वामीजी त्याचे सर्वांत मोठे नेते होते. त्यांनी मागणी केली की हे राज्य मोडा आणि मराठी, तेलुगू, कन्नड भाग आपापल्या भाषेच्या राज्यांत जाऊ द्या. ज्या राज्यात आपण थोर, ते राज्यच विसर्जित करायला सांगणारा पुढारी विरळा. १९५६ मध्ये ते विसर्जन झाले. स्वामीजी १९५२ मध्ये गुलबर्ग्यातून आणि १९५७ मध्ये औरंगाबादेतून लोकसभेवर गेले, मंत्रिपदाच्या मागे लागले नाहीत, खादी आणि शिक्षण संस्थांत रमले. २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. ना संपत्ती, ना वारस. नांदेडच्या विद्यापीठाला आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे, आणि तिथे शिकलेली मुले आज तुमच्या तालुक्यात डॉक्टर आणि शिक्षक आहेत.

स्वामीजींनी मरणाआधी आणखी एक काम केले : १९६७ मध्ये मुक्तिलढ्याच्या आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. 'मराठवाडा' या वृत्तपत्राचे संपादक अनंतराव भालेराव यांनी या संग्रामाचा ग्रंथ लिहिला. विचारवंत नरहर कुरुंदकरांनी त्यावर आयुष्यभर विचार केला, लिहिले, बोलले. आणि १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच, पन्नाशी गाठण्याआधी ते गेले. आज मी जे सांगू शकलो, ते अशा लिहिणाऱ्यांच्या बळावर. त्यांनी लिहिले नसते तर रझाकार ही फक्त एक दंतकथा उरली असती, आणि दंतकथेत जो तो आपल्याला हवे ते भरतो.

तुमच्याकडे मागणे

म्हणून शेवटी एक मागणे मागतो, आणि ते उमापूरच्या गावकऱ्यांकडे, शिक्षकांकडे, ग्रामपंचायतीकडे आहे.

१९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या आसपास आहे. अशी माणसे आपल्या वाड्या-वस्त्यांवर अजून असतील. त्यांच्याकडे जा. मोबाईल सगळ्यांच्या खिशात आहे. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. कोण भूमिगत होते, कोणाच्या घरी रात्री भाकरी बांधून दिल्या जात, कोण सरहद्द ओलांडून गेले, कोण परत आले नाहीत, हे विचारा. बायकांना आवर्जून विचारा. या लढ्यात उतरलेल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचे नाव आपल्याला कळले, पण निरोप पोचवणाऱ्या आणि माणसे लपवणाऱ्या कितीतरी बाया नावाविनाच राहिल्या. हिंदू घरात विचारा, मुसलमान घरात विचारा, दलित वस्तीत विचारा. कोणाला कोणी वाचवले हेही विचारा, कारण तेही घडले आहे. ऐकीव असेल तिथे ऐकीव म्हणून लिहा, आणि शंका असेल तिथे शंका लिहा.

नाव, गाव, जन्म, मृत्यू आणि मधल्या आयुष्यात काय केले, अशा पाच रकान्यांची एक वही करा. एक प्रत शाळेत ठेवा, एक ग्रामपंचायतीत. आणि येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाले की भाषणांआधी ती यादी पहिल्यापासून शेवटच्या नावापर्यंत मोठ्याने वाचा. शोएबुल्ला खान हे नाव त्यात आपल्या गावचे नसले तरी वाचा. स्वामीजींचे नाव वाचा. आणि या शिवारात जे कोणी मेले, ज्यांच्या बाजूने कोणी कधी उभे राहिले नाही, त्यांचीही नावे वाचा.

हे काम सरकार करील म्हणून थांबू नका. या वर्षी सुरू करा. पुढच्या वर्षी या व्याख्यानमालेला जो वक्ता येईल, त्याच्या हाती ती वही द्या, आणि त्याला तिच्यावर बोलायला सांगा.